टाळू म्हणजे नक्की कुठली? स्पीच थेरपी शिकायला येणाऱ्या नवीन पोरापोरींसाठी

बारावी सायन्सनंतर नीटचा स्कोअर बघून घरात सुतकी शांतता होती तेव्हा मामेबहिणीने बीएएसएलपी सुचवलं. म्हणजे ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपी, चार वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं, मग आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन. आता ओळखीतल्या पोरी विचारतात की ताई सगळ्यात अवघड काय गेलं, तर माझ्यापुरतं उत्तर आहे, टाळू. पाठ करायला अवघड नाही हो, समजायला.

इंटर्नशिप नाशकातच होती. एकदा पेठकडून एसटीने एक आजी आल्या, मांडीवर नऊ महिन्यांचा नातू, टाळू दुभंगलेली. मी फुल कॉन्फिडन्समध्ये सांगितलं, "आजी, बाळाची टाळू उघडी आहे, बंद करावी लागेल." आजी म्हणाल्या, "भरंल की गं ताई, रोज तेल जिरवते मी." मला कळेचना, तोंडात तेल? मग त्यांनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा ट्यूब पेटली.

आपल्याकडे दोन्हीला टाळूच म्हणतात ना. मढ्याच्या टाळूवरचं लोणी डोक्यावरचं, आणि एखादी बोलायला लागली की जीभ टाळूला लागत नाही म्हणतात ती तोंडातली. डोक्यावरची साधारण दीड वर्षापर्यंत आपोआप भरते, तोंडातली भेग कधीच आपोआप भरत नाही, तिला ऑपरेशनच लागतं, म्हणजे माझ्या एका शब्दाने त्या आजी निवांत घरी गेल्या असत्या. तेव्हापासून मी आधी स्वतःचं तोंड उघडून बोट दाखवते आणि मगच बोलते.

अभ्यासही तिथूनच सुरू करा, पुस्तक नंतर. जिभेचं टोक वरच्या दातांमागे लावा आणि हळूहळू मागे सरकवा. आधी फुगीर हिरडी, मग आडव्या वळ्या, मग गुळगुळीत टणक छत आणि मग एकदम मऊ. टणक भागाचा पुढचा मोठा तुकडा मॅक्सिलाचा म्हणजे वरच्या जबड्याच्या हाडाचा, मागचा छोटा पॅलाटाइन हाडांचा, मऊ भागात हाड नाहीच, नुसते स्नायू, टोकाला पडजीभ. आता क च ट त प म्हणा, घशाकडून ओठांपर्यंत प्रवास होतो बघा. पहिलीत घोकलेला तक्ता म्हणजे तोंडाचा नकाशाच आहे. फक्त व्याकरणात क ला कंठ्य म्हणतात तो प्रत्यक्षात मऊ टाळूला जीभ टेकवून होतो, व्हायव्हात हे विचारतात.

मराठीत च दोन आहेत हे मला वीस वर्षं मराठी बोलूनही माहीत नव्हतं. चहातला वेगळा, चावातला वेगळा. आम्ही होस्टेलवर कोको पावडर तेलात कालवून जिभेला फासली, एकदा चहा म्हटलं, तोंड धुवून परत फासली आणि चावा म्हटलं, दर वेळी छोटा आरसा तोंडात धरून मोबाईलच्या टॉर्चने बघितलं. चावाचा डाग दातांना चिकटून, चहाचा त्याच्या मागे जरा पसरट. रूम पार्टनरने फोटो काढले, ते अजून ब्लॅकमेलसाठी वापरते. पण तालव्य आणि दंत्य हे शब्द त्यानंतर कधी विसरले नाही.

मऊ टाळू म्हणजे दरवाजा. प, ब, ट, स म्हणताना तो वर उचलून नाकाचा रस्ता बंद करतो, म आणि न ला उघडा ठेवतो. नाक चिमटीत धरून मामा म्हणा, बाबा ऐकू येईल, काका मात्र काकाच राहतो. दुभंगलेल्या टाळूत उलटं होतं, दरवाजाच बंद होत नाही, हवा नाकातून निसटते आणि बाबाचा मामा होतो. म्हणून नाकाखाली छोटा आरसा धरून पप्पा, काका म्हणायला लावतात, वाफ धरली की समजायचं गळती आहे.

मऊ टाळूच्या पाच स्नायूंची नावं तर पाठ करावीच लागतील, इलाज नाही. चौघांची नर्व्ह सप्लाय व्हेगसकडून, एकटा टेन्सर ट्रायजेमिनलकडून, मी व्हायव्हात तिथेच आपटले. हा टेन्सर लक्षात ठेवायला कसारा घाट आठवा. कानाला दडे बसतात, आवंढा गिळला की मोकळे होतात, तो कानाची नळी उघडणारा हाच. टाळू फाटलेली असेल तर याचं काम नीट होत नाही, मग मधल्या कानात पाणी साठतं, म्हणून या बाळांची ऐकण्याची तपासणी चुकवायची नाही.

आणि ग्रहण. हे तुम्हाला ऐकावं लागणारच, आईने ग्रहणात विळीवर काही चिरलं म्हणून बाळाची टाळू फाटली. आई बिचारी खाली मान घालून बसलेली असते, मला ते बघवत नाही. मी विचारते ग्रहण कितव्या महिन्यात होतं? सातव्या म्हणाल्या तर सांगते, टाळूचे दोन पाखे पोटात सहाव्या आठवड्यानंतर वाढतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत जुळून पण जातात, सातव्या महिन्यात चिरून काय होणार. (तिसऱ्या महिन्यात म्हणाल्या तर पंचाईत, मग सरळ सांगायचं की सावलीने हाड फाटत नाही.)

फुगे फुगवायला, शिट्ट्या वाजवायला लावायची पद्धत अजून दिसते. माझं स्पष्ट मत, वेळ वाया. फुंकताना आणि बोलताना टाळू सारखी हलत नाही, बोलणं सुधारायचं तर बोलण्याचाच सराव लागतो.

अजून एक, हे फक्त इकडे काम करणाऱ्यांना लागेल. सटाणा, मालेगावकडचं अहिराणी बोलणारं पोर डोळ्याला डोया म्हणालं की लगेच फॉर्मवर ळ चुकतो लिहू नका. मी लिहिलं होतं. मग बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या आजोबांना विचारलं, मुलाचं नक्की काय बिघडलंय, तर ते म्हणाले, "काय नही ताई, डोयामा पानी येस त्याना."