एकच खुर्ची दोघांना विकली जात होती, ते असं थांबलं

इंदूरच्या आमच्या मंडळाच्या नाटकाचे एका दिवशी दोन प्रयोग, दुपारी 4 आणि रात्री 8. तिकीट बुकिंगचा प्रोग्राम मी लिहिलेला. दुपारची ग-12 विकली की रात्रीचीही लाल दिसायची, आणि गर्दीत एकच खुर्ची दोघांना जायची. दारात दोन काकू तोच नंबर घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा फार वाईट वाटलं.

प्रयोगागणिक डेटाबेसमधलं खुर्च्यांचं टेबल रिकामं केलं, पेमेंटआधी खुर्ची रिकामी आहे का हे वाचणारं सिलेक्ट पुन्हा टाकलं. उपयोग नाही, सिलेक्ट आणि अपडेट (‘विकली’ अशी नोंद बदलणं) यांच्या मध्ये दुसरा ग्राहक घुसतोच.

चूक मॉडेलमध्ये, म्हणजे माहितीच्या मांडणीतच होती. ‘विकली’ ही त्या प्रयोगातल्या खुर्चीची स्थिती, नुसत्या खुर्चीची नव्हे.

आधी खुर्चीच्या टेबलातून स्टेटस काढला. मग ‘प्रयोग-खुर्ची’ हे वेगळं टेबल, त्यात प्रयोग आयडी आणि खुर्ची आयडी ही जोडी युनिक, म्हणजे एकदाच येणार. त्यानंतर होल्ड (पेमेंट होईपर्यंत खुर्ची राखून ठेवणं) एकाच अपडेटमध्ये: त्याच्या वेअर या भागात ‘रिकामी, किंवा 10 मिनिटांची मुदत संपलेला होल्ड’ ही अट. बदललेली ओळ 1 असेल तरच पेमेंट. 0 असेल तर दुसरी खुर्ची निवडायला सांगायचं. तिकीट द्यायचं ते पेमेंट गेटवेचा वेबहुक (पैसे मिळाल्याचा आपोआप येणारा निरोप) आल्यावरच, तेही होल्ड अजून त्याच बुकिंगचा असेल तर. नसेल तर पैसे परत. डेटा फ्लोच्या (माहिती कुठून कुठे जाते त्याच्या) चित्रात ही परताव्याची रेघ मी काढलीच नव्हती.