प्रोटीनचं चॉकलेट डेझर्ट घरी करताय? या चुका टाळा

प्रोटीन पावडरचा डबा, कोको, एक डार्क चॉकलेट आणि घट्ट दही ओट्यावर मांडलं की बऱ्याच जणांना वाटतं, आता दहा मिनिटांचं काम. मग अर्ध्या तासाने फोटो येतो. भांड्यात करडा गोळा, त्यात पांढऱ्या गुठळ्या, आणि खाली ओळ: 'असं का झालं?' उत्तर बहुतेक वेळा तेच असतं. काहीतरी जास्त गरम होतं किंवा काहीतरी जास्त गार होतं, आणि तुम्हाला घाई होती.

आधी माझ्या चॉकलेट मूसचं (मऊ, हलकं, गार खायचं डेझर्ट) नेहमीचं प्रमाण सांगते, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. 250 ग्रॅम ग्रीक योगर्ट (पाणी काढलेलं घट्ट दही), 60 ग्रॅम डार्क चॉकलेट (70 टक्के कोकोचं), 20 ग्रॅम कोको पावडर, 30 ग्रॅम व्हे (चीज करताना उरणाऱ्या पाण्यातल्या प्रथिनांची पावडर), लागेल तसं दूध आणि चिमूटभर मीठ. चार वाट्या होतात आणि वाटीमागे साधारण 14 ग्रॅम प्रोटीन मिळतं. मीठ वगळू नका. त्याने कोकोचा कडूपणा दबतो आणि साखर कमी लागते.

व्हे उकळत्या दुधात टाकणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण डब्यावर 'मिसळा आणि प्या' लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं, कशातही मिसळा. व्हेमधली प्रथिनं साधारण 70 अंश सेल्सिअसच्या पुढे आपली घडी मोडतात आणि एकमेकांना चिकटायला लागतात. उकळत्या दुधात पावडर पडली की कणांचं बाहेरचं आवरण क्षणात शिजतं आणि आत कोरडी पावडर अडकून राहते. ती गुठळी चमच्याने दाबलीत तर आतून पांढरी धूळ निघते. मग ब्लेंडर लावा, गाळा, काहीही करा, रवाळपणा जात नाही.

मी व्हे आधी गार दुधात कालवते. पहिल्यांदा दोनच चमचे दूध, घोटून घोटून पेस्ट, मग थोडं आणखी. बाकीचं मिश्रण बोट बुडवून सहज ठेवता येईल इतकं कोमट झालं की मगच ही पेस्ट त्यात. थर्मामीटर असेल तर 60 अंशांच्या खाली. माझ्याकडे तो आहे, पण बोटाचंच ऐकते.

आता 'गरम केलं की प्रोटीन मरतं' हेही डोक्यातून काढा. उकडलेल्या अंड्यातलं प्रोटीन कुठे जात नाही, तसं हेही जात नाही. बिघडतो तो पोत.

आणि पावडर बदललीत तर प्रमाणही बदलणार. केसिन, म्हणजे दुधातलंच दुसरं प्रोटीन, व्हेपेक्षा बरंच जास्त पाणी पितं, त्यामुळे तेवढ्याच दुधात मिश्रण सिमेंटसारखं घट्ट होतं. वाटाण्याचं प्रोटीनही पाणी ओढतं, वर जिभेला खरखरीत लागतं. 'घरात होतं ते टाकलं' असं म्हणून रेसिपीला नावं ठेवू नका.

चॉकलेट वितळवताना घाई

माझ्या भाचीकडे एकदा पाहुणे यायचे होते. तिने चॉकलेटचे तुकडे मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण पॉवरवर ठेवले. मध्ये उघडून पाहिलं तर तुकडे जसेच्या तसे दिसले, म्हणून पुन्हा लावलं. इथेच सगळे फसतात. मायक्रोवेव्हमध्ये चॉकलेट आतून वितळलं तरी ढवळेपर्यंत बाहेरून आकार धरून राहतं. तिने चमचा घातला तो नुकताच धुतलेला, ओला. चॉकलेट बघता बघता आळून भुसभुशीत गोळा झालं. सैल व्हावं म्हणून तिने चमचाभर गार दूध घातलं, तर आणखीच आवळलं. ते बाजूला ठेवून दुसरं चॉकलेट नीट वितळवलं आणि त्यात फ्रिजमधलं योगर्ट एकदम ओतलं. तपकिरी दह्यात चॉकलेटचे कडक कण. मग फोन: "मावशी, चॉकलेटच भेसळीचं आहे गं!"

चॉकलेट उत्तम होतं. वितळलेलं चॉकलेट म्हणजे चरबीत तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण. दोन थेंब पाणी लागलं की साखर ओली होऊन चिकटते आणि कण एकमेकांना धरून बसतात. थोडंसं पाणी घातक आणि पुरेसं पाणी औषध, असा हा उलटा प्रकार आहे. म्हणून पहिल्या गोळ्यात तिला गरम दूध घालायला सांगितलं, 60 ग्रॅमला किमान दोन मोठे चमचे, एकेक करून, जोरात घोटत. चकचकीत सॉस झाला. दुसऱ्या भांड्याचं दुखणं वेगळं होतं. कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं. फ्रिजच्या गार योगर्टने ते जागीच गोठलं होतं. त्यातलं एक तृतीयांश मिश्रण कोमट पाण्यावर धरून कण विरघळेपर्यंत हलवलं आणि मग बाकीच्यात थोडं थोडं मिसळलं. दोन्ही वाचलं. पाहुण्यांना काही कळलं नाही.

चॉकलेट करपलं असेल तर मात्र वाचवायच्या भानगडीत पडू नका, तो वास जात नाही. मायक्रोवेव्ह वापरायचाच तर अर्ध्या पॉवरवर 20-20 सेकंद, आणि प्रत्येक वेळी ढवळायचं. पाव भाग तुकडे उरले की थांबायचं. उरलेलं स्वतःच्या उष्णतेने विरघळतं. योगर्ट तासभर आधी बाहेर काढायचं. तासभर नसेल तर त्या दिवशी फळं कापा.

कोको कोरडाच टाकणं

गार दह्यात कोरडा कोको खडूसारखा लागतो. कोकोवर आधी उकळतं पाणी किंवा दूध ओता, पाच मिनिटं ठेवा. वास आणि चव दोन्ही खुलतात. उकळतं कोकोला, कोमट व्हेला. हा क्रम उलटा करू नका.

ब्राउनीतला सगळा मैदा काढून व्हे घालणं

रबर होतं. मैद्याच्या पाव भागापेक्षा जास्त मी बदलत नाही, आणि मधला भाग किंचित हलत असतानाच ओव्हनमधून काढते. फक्त सोड्यावर फुगणाऱ्या रेसिपीत डच प्रोसेस कोको (प्रक्रिया करून आंबटपणा काढलेला) वापरलात आणि त्यात योगर्टसारखं दुसरं आंबट काही नसेल, तर फुगणारही नाही. सोड्याला आम्ल लागतं.

'हेल्दी आहे' म्हणून हात सैल सोडणं

100 ग्रॅम पीनट बटरमध्ये सुमारे 25 ग्रॅम प्रोटीन असतं, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यातच 50 ग्रॅम चरबी असते, हे कोणी बोलत नाही. खजूर घातला म्हणजे साखर घातली नाही असं नसतं. त्याच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग साखरच आहे. गोड केकवर चमचाभर पावडर भुरभुरून त्याला प्रोटीन केक म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त खायला जात नाही.

साखरेऐवजी एरिथ्रिटॉल वापरत असाल तर ते दळून घ्या, नाहीतर गार झाल्यावर दाताखाली कचकच येते. कच्च्या अंड्याचं मूस करायचं तर पाश्चराइझ केलेलीच अंडी, नाहीतर करूच नका.

शेवटी फ्रिज. मूसला सेट व्हायला चार तास द्या. वाट्या लवकर व्हाव्यात म्हणून फ्रीझरमध्ये ठेवू नका. त्यात बर्फाचे कण होतात आणि बाहेर काढल्यावर योगर्टला पाणी सुटतं. रात्री करून झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी खा. मी तर दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत थांबते, तोवर कोको चांगला मुरलेला असतो.