चाळिशीनंतर जर्मन शिकायला जर्मनीत जाताय? राहण्याच्या जागेबाबत या चुका टाळा

पहिली चूक विमानात बसण्याआधीच होते, ती म्हणजे स्वतःला ‘विद्यार्थी’ समजणं. भाषावर्गात नाव घातलं म्हणून जर्मन कागदपत्रांच्या लेखी तुम्ही ‘श्टुडेंट’ होत नाही. तिथे श्टुडेंट म्हणजे विद्यापीठात नोंदणी झालेला माणूस. शहरोशहरी स्वस्त वसतिगृहं चालवणाऱ्या श्टुडिअरेंडनवेर्क संस्था सहसा ही नोंदणी बघूनच खोली देतात. भाषाशाळेचं पत्र घेऊन त्यांच्या प्रतीक्षायादीत महिने घालवण्यात अर्थ नाही. भाषाशाळेने लावून दिलेली खोली, खासगी वसतिगृह किंवा ‘वेगे’, म्हणजे चारपाच जणांनी वाटून घेतलेला फ्लॅट, यांतलं काहीतरी शोधा.

विम्याचंही तसंच. विद्यार्थ्यांचा सवलतीचा सार्वजनिक आरोग्यविमा भाषावर्गाला लागू नाही, आणि पुढे विद्यापीठात गेलात तरी तो साधारण तिशीपर्यंतच मिळतो. खासगी विमा घ्याल तेव्हा बीपी, शुगर असे आधीपासूनचे आजार वगळलेत का, ते वाचा. बरेचदा वगळलेले असतात.

करारात मुदत आहे की नाही, हे भाड्याच्या आकड्याआधी बघा. सहा महिन्यांचा कोर्स आणि वर्षाचा मुदतबंद करार ही जोडी महागात पडते, कारण करारात तशी सोय नसेल तर अशा करारातून मधेच नोटीस देऊन सुटता येत नाही. बेमुदत करारात तीन महिन्यांची नोटीस लागते. ती सही केलेल्या कागदी पत्राने आणि महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हाती पोचावी लागते, तरच तो महिना धरला जातो. ईमेल चालत नाही. मालक स्वतः राहतो त्याच घरात फर्निचरसह एकट्यासाठी खोली घेतली, तर मात्र १५ तारखेपर्यंत लेखी कळवून महिनाअखेरीस मोकळं होता येतं. आमच्या मते प्रौढ शिकणाऱ्याला हाच प्रकार सगळ्यात सोयीचा. जेवणाच्या टेबलावर जर्मन बोलायला माणूस मिळतो, हे वर.

अनामत म्हणजे काउत्सिओन. ती तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा, म्हणजे हीटिंग-पाणी वगळून असलेल्या भाड्यापेक्षा, जास्त मागता येत नाही. ती तीन समान हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने भाडेकरूला आहे. ‘मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल’ असं कोणी लिहिलं, तर ती फसवणूक समजून पुढे सरका.

जाहिरातीत ‘आनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) होणार नाही’ असं लिहिलेली खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, आणि तिच्यासाठी मालकाचं सही केलेलं पत्र हवं असतं. त्याला व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग म्हणतात. भाडेकराराची प्रत त्याऐवजी चालत नाही, इथेच बहुतेकांची फेरी फुकट जाते. मोठ्या शहरांत नोंदणी कार्यालयाची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून जागा पक्की झाली की लगेच वेळ घ्या.

आता एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. जर्मन पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन टपालपेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो. तुमचं आडनाव पेटीवर नसेल तर पत्रं परत जातात, आणि बँकेचा पिन, करक्रमांक, विम्याचं कार्ड सगळं टपालानेच येतं. पहिल्या दिवशी कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून पेटीवर आणि बेलवर चिकटवा. पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने.

नोंदणीनंतर काही आठवड्यांनी रुंडफुंकबाइट्रागचं पत्र येईल. हे रेडिओ-टीव्हीचं शुल्क आहे. २०२१ मध्ये ते महिना १८.३६ युरो ठरलं. टीव्ही नसला तरी भरावं लागतं, पण प्रत्येक घरामागे एकदाच. वेगेमध्ये कोणी आधीच भरत असेल तर पत्राच्या उत्तरात त्याच्या शुल्कखात्याचा क्रमांक कळवा. पत्र फेकून दिलंत तर थकबाकी वाढत जाते.

हिवाळ्यात सर्वाधिक तक्रार असते ती बुरशीची. खिडकीच्या कोपऱ्यात किंवा कपाटामागे काळे ठिपके दिसू लागतात, आणि जाताना अनामतीतून पैसे कापले जातात. कारण बहुधा एकच: थंडीला घाबरून खिडकी दिवसभर जराशी तिरकी उघडी ठेवणं किंवा अजिबात न उघडणं. तिरक्या खिडकीने हवा फारशी बदलत नाही, उलट भोवतालची भिंत गार पडते आणि श्वासातली, अंघोळीची, वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ तिथेच पाणी होऊन बसते. उपाय असा: दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी पूर्ण उघडायची, पाच-दहा मिनिटांनी लावून घ्यायची. याला ष्टोसल्युफ्टन म्हणतात. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच ते दहा सेंटिमीटर दूर ठेवा. साधं आर्द्रतामापक आणा. काटा ४० ते ६० टक्क्यांत हवा. हीटरची चकती ५ वर फिरवल्याने खोली लवकर तापत नाही, ५ म्हणजे फक्त जास्त तापमानापर्यंत तापवत राहा. ३ वर साधारण २० अंश मिळतात.

गुडघे कुरकुरत असतील तर मजला आणि लिफ्ट दोन्ही विचारा. जुन्या इमारतींत चौथ्या मजल्यालाही अनेकदा लिफ्ट नसते आणि छतं उंच असल्याने पायऱ्या जास्त. पलंग बहुधा ९० बाय २०० सेंटिमीटरचा. ‘फर्निचरसह’ म्हटलं तरी उशी, रजई, चादर त्यात सहसा येत नाही.

वेगेमधल्या विशीतल्या पोरांना आदरार्थी ‘झी’ म्हणू नका. तिथे सगळे एकमेकांना ‘डू’च, म्हणजे ‘तू’च म्हणतात, ‘झी’ म्हणत राहिलात तर अंतर पडतं. मालकाला मात्र ‘झी’च. आणि सिंकमधली दुसऱ्यांची भांडी घासत बसू नका. भिंतीवर पुट्सप्लान, म्हणजे सफाईचं वेळापत्रक असतं. त्यातली आपली पाळी चुकवायची नाही, दुसऱ्याची करायची नाही. एकदा घरची मावशी झालात की सुटका नाही. रात्री १० नंतर आणि रविवारी ड्रिलिंग, व्हॅक्यूम क्लीनर बंद.

शेवटची गोष्ट किल्लीची. दार ओढलं की लागतं, आणि बाहेरून नुसती न फिरणारी गोल मूठ असते. किल्ली आत राहिली तर तुम्ही जिन्यात. सुटीच्या रात्री कुलूपवाल्याला बोलावलंत तर बिल फार मोठं येतं. इमारतीची किल्ली हरवली तर कधीकधी अख्खी कुलूपव्यवस्था बदलावी लागते. त्यासाठी हाफ्टफ्लिख्ट, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा घ्या, आणि भाड्याच्या घराची किल्ली हरवणं त्यात धरलंय का, हे सही करण्याआधी विचारा.