स्वादुपिंडाचा तीव्र दाह: पहिल्या 48 तासांत सलाईन, वेदना आणि जेवण कसं सांभाळावं

बेंबीच्या वर सुरू होऊन पाठीत जाणारी, न थांबणारी कळ आणि रक्तातलं लायपेज किंवा अमायलेज (स्वादुपिंडात बनणारी पाचक द्रव्यं) नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या किमान तिप्पट, एवढ्यावर निदान होतं. पहिल्याच दिवशी सीटीची घाई नको. स्वादुपिंडाचा मृत झालेला भाग साधारण 72 तासांपूर्वीच्या सीटीत नीट दिसत नाही. सोनोग्राफी मात्र प्रत्येकाची करा, पित्ताशयातले खडे शोधायला. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) दाखल करतानाच्याच रक्तात तपासा. रुग्ण उपाशी राहिला की ते भराभर उतरतं आणि खरं कारण हातचं जातं.

सगळ्यात जास्त चुका सलाईनमध्ये होतात. जुनी पद्धत बाटल्यांमागून बाटल्या चढवायची होती. 2022 च्या ‘वॉटरफॉल’ चाचणीत तशा भरघोस सलाईनमुळे 20.5 टक्के रुग्णांच्या अंगात पाणी साठलं, बेताच्या सलाईनने 6.3 टक्के, आजार मात्र कमी झाला नाही. म्हणून रिंगर लॅक्टेट (क्षार असलेलं एक सलाईन) मोजून द्या. जीभ कोरडी, नाडी जलद, लघवी कमी असेल तर आधी किलोमागे 10 मिली, दोन तासांत. त्यानंतर किलोमागे ताशी 1.5 मिली. पाणी कमी पडल्याची लक्षणं नसतील तर पहिला डोस गाळा.

60 किलोच्या रुग्णाला म्हणजे आधी 600 मिली, मग ताशी 90. पंप नसेल तर मिलीला 20 थेंबांच्या सेटवर हे मिनिटाला 30 थेंब, दर दोन सेकंदांना एक. सेटच्या पाकिटावरचा आकडा आधी वाचा. रुग्णाने कोपर वाकवलं की वेग बदलतो, म्हणून दर तासाला घड्याळ लावून थेंब मोजा. 500 मिलीची बाटली साडेपाच तास पुरली पाहिजे. लघवी ताशी 30 मिलीच्या वर हवी. दर सहा तासांनी छातीचा तळ ऐका, श्वास मोजा, ऑक्सिजन बघा; हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) आणि युरिया उतरताहेत का तेही बारा तासांनी तपासा. हृदय किंवा किडनी कमकुवत असेल तर वेग आणखी कमी.

कळ सहन करायला लावू नका. पॅरासिटामॉल पुरलं नाही तर ट्रॅमाडॉल 50 ते 100 मिग्रॅ 100 मिली सलाईनमधून सावकाश, नाहीतर फेंटानिल. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) हातात येईपर्यंत डायक्लोफिनॅक टाळा.

‘एनबीएम’ची (तोंडाने काहीच द्यायचं नाही, अशी) पाटी दिवसेंदिवस लटकत ठेवणं नुकसानीचं आहे. उपाशी आतड्याचं अस्तर दुबळं होतं आणि तिथले जंतू रक्तात शिरतात. उलट्या थांबल्या, भूक लागली की 24 तासांतच बिनफोडणीचं वरण आणि मऊ भात द्या. लायपेज नॉर्मल होण्याची वाट बघू नका. खाणं जमतच नसेल तर नाकातून नळी टाकून अन्न द्या. शिरेतून पोषण अगदी शेवटी.

अँटिबायोटिक सरसकट नको. पहिल्या दिवसांतला ताप बहुधा दाहाचाच असतो. पण ताप, थंडी आणि कावीळ एकत्र दिसली तर पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झालाय असं धरा: अँटिबायोटिक लगेच, आणि 24 तासांत ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिका मोकळी करणं) होईल अशा ठिकाणी हलवा. सलाईन देऊनही वरचा रक्तदाब 90 च्या वर येत नसेल, ऑक्सिजन घसरत असेल किंवा क्रिएटिनिन चढत असेल तर रुग्णाला आयसीयूत न्या.

खड्यांमुळे झालेला सौम्य दाह शमला की त्याच भरतीत पित्ताशय काढून घ्या. ‘महिन्याभराने या’ म्हणून घरी पाठवलेला रुग्ण मधल्या काळात पुन्हा त्याच कळेने परत येऊ शकतो.