मराठी मजकूर नीट बसवता येतो? मग त्याचे पैसे घ्या

फोटोशॉप काय सगळ्यांनाच येतं हो, पण मराठी मजकूर आला की बरेच जण इंग्रजीच्याच सेटिंगवर पेस्ट करून मोकळे होतात आणि मग जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. इनडिझाइनमधे (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा, म्हणजे आपल्या लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारी सेटिंग. ट्रॅकिंग (अक्षरांमधली जागा) वाढवू नका, शिरोरेषा तुटते, आणि ओळींमधे जागा जरा जास्तच सोडा नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. फॉन्ट म्हणाल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे मुक्ता आणि बलू गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत (बलू फक्त हेडिंगला बरं का!). पोर्टफोलिओत एकच जाहिरात इंग्रजी-मराठी जोडीने टाका, आणि क्लायंटला मराठी व्हर्जन फुकटात देऊ नका, ते वेगळं काम आहे, कोटेशनमधे वेगळी ओळ टाका.