शिवलिंग शिखर कसे ओळखावे आणि त्याचे नाव कसे वाचावे

गंगोत्रीहून भोजवासामार्गे गोमुखाकडे, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या मुखाकडे, चालताना जी हिमाच्छादित शिखरे बराच काळ समोर दिसत राहतात, ती भागीरथी शिखरे होत. त्यांनाच शिवलिंग समजण्याची चूक सहज होते. म्हणून आधी नकाशा दिशेला लावून घ्यावा. गोमुखाशी हिमनदीकडे तोंड करून उभे राहिले की डाव्या हाताला भागीरथी समूह आणि उजव्या हाताला, तपोवनाच्या कुरणामागे, एकट्याने उभा असलेला सुळका म्हणजे शिवलिंग. त्याची उंची ६५४३ मीटर आहे. भागीरथी क्रमांक एक ६८५६ मीटर उंच, म्हणजे शिवलिंगापेक्षा ३०० मीटरहून अधिक उंच आहे, पण तपोवनातून नजर खिळते ती शिवलिंगावरच, कारण ते कुरणापासून थेट सुमारे दोन हजार मीटर वर चढत जाते.

आता आकाराकडे पाहावे. शिखराच्या तीन बाजूंचे तीव्र उतार हिमनद्यांकडे कोसळतात. बर्फाने डोंगराच्या कुशीत कोरलेल्या खोलगट भागाला हिमगव्हर म्हणतात. अशी गव्हरे एकाच डोंगराला अनेक बाजूंनी मागे मागे पोखरत गेली, की त्यांच्यामध्ये शुककूट, म्हणजे धारदार कडा, उरतात आणि ते जिथे एकत्र येतात तिथे गिरिशृंग, म्हणजे टोकदार सुळका, तयार होते. आल्प्समधील मॅटरहॉर्न हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण, आणि सुरुवातीच्या युरोपीय प्रवाशांनी शिवलिंगाला ‘मॅटरहॉर्न पीक’ म्हटले ते याच साम्यामुळे. वाटेवरच्या हिमोढातून, म्हणजे हिमनदीने वाहून आणलेल्या दगडगोट्यांच्या राशीतून, एखादा पांढुरका ग्रॅनाइटचा तुकडा उचलून उन्हात फिरवून पाहावा. त्यात टुर्मलीन या खनिजाच्या काळ्या, सुईसारख्या कांड्या दिसल्या, तर या शिखरांचा बराचसा भाग ज्या खडकाचा आहे तोच आपल्या तळहातावर आहे असे समजावे.

नाव वाचताना एक प्रश्न अवश्य विचारावा: हे नाव देणारा माणूस कुठे उभा होता? गोमुखाकडून पाहणाऱ्याला एकसंध पिंडी दिसते, आणि तिथे पोहोचणारा यात्रेकरू ते दर्शन मनात घेऊनच परततो. बाजू बदलली की त्याच शिखराला दोन माथे असल्याचे उघड होते. ईशान्येकडील मुख्य माथा ६५४३ मीटरचा आणि नैर्ऋत्येकडील ६५०१ मीटरचा. ‘शिवलिंग’ हे नाव खऱ्या अर्थाने गोमुख-तपोवनाच्या बाजूचे आहे, आणि त्यामुळेच मला ते ‘मॅटरहॉर्न पीक’पेक्षा कितीतरी अधिक नेमके वाटते: त्यात आकार आहे, पाहणाऱ्याची जागा आहे आणि त्याची श्रद्धाही आहे. आपल्याकडे रायगडाजवळच्या लिंगाण्यालाही आकारावरूनच नाव मिळाले, मात्र तो बेसाल्टचा सुळका आहे आणि त्याच्या घडणीत हिमनदीचा हात नाही. सारख्या नावावरून सारखी घडण गृहीत धरू नये.

शेजारची नावेही याच रीतीने तपासावीत. गढवालमध्ये हिमनदीला ‘बामक’ म्हणतात, त्यामुळे नकाशावर ‘कीर्ती बामक’ किंवा ‘मेरू बामक’ दिसले तर ती शिखरांची नावे समजू नयेत. रक्तवर्ण आणि चतुरंगी या हिमनद्यांच्या नावांत रंग आहेत. भागीरथी शिखरांना दिलेले आकडे उंचीच्या उतरत्या क्रमाने आहेत.

नोंद करताना केवळ ‘शिवलिंग’ एवढेच न लिहिता कोठून पाहिले, कोणत्या दिशेला पाहिले आणि कोणता माथा दिसला हे लिहावे. आरोहणाची माहिती टिपतानाही माथ्याचा उल्लेख सोडू नये: ३ जून १९७४ रोजी भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या, हुकुमसिंग यांच्या नेतृत्वाखालील पथकाने पश्चिम धारेने पहिले आरोहण केले ते मुख्य माथ्याचे, तर १९८३ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टन आणि जिम फॉदरिंगहॅम ज्यावर पोहोचले तो नैर्ऋत्येकडील माथा होता.