जुन्या ट्रकचं इंजिन ऑइल गाळतंय? पाना उचलण्याआधी या चुका टाळा

आमच्या तासगावच्या वाड्यात आजोबांचा ट्रक उभा आहे. नाकावर तारा असलेला, टाटा-मर्सिडीज. टाटांची टेल्को आणि मर्सिडीज बनवणारी डेमलर-बेंझ यांचा करार १९५४ चा. १९६९ मध्ये तो संपला आणि तारा गेला, म्हणून ताऱ्याची गाडी म्हटलं की तिचं वय लगेच कळतं. या गाडीनं सांगलीच्या पेठेतली हळद खंबाटकी घाट चढून मुंबईला नेली. आता ती खंडेनवमीला पूजेसाठी आणि वर्षातून चार-सहा फेऱ्यांसाठी बाहेर पडते. पण तिच्याखाली कायम ऑइलचं थारोळं असायचं. ते थांबवायला मला दोन वर्षं लागली. त्यातलं दीड वर्ष चुकीच्या जागी हात घालण्यात गेलं, आणि ते तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

ऑइल वाट मिळेल तिथून बाहेर येतं. वाट बुजवणं हे नंतरचं काम. त्याला आतून कोण ढकलतंय, ते आधी शोधा.

ठिबकतंय तिथंच गळतंय, असं धरू नका

ऑइल खाली ओघळतं, आणि गाडी चालताना पंख्याचा वारा त्याला मागं नेतो. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीच्या, मागच्या कडेला लोंबणारा थेंब वर टॅपेट कव्हरपासून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणापासून, निघालेला असू शकतो. मी चेंबरच्या जोडातलं पॅकिंग दोनदा बदललं. गळत होती ती प्रेशर मीटरकडं जाणारी तांब्याची बारीक नळी. थरथरीनं तिला नटाजवळ केसाएवढी चीर पडली होती आणि इंजिन तापल्यावरच ती ऑइल सोडायची. थंड इंजिनात काही दिसायचंच नाही.

त्यामुळं पहिलं काम धुण्याचं. डायनॅमो आणि एअर क्लीनरचं तोंड पिशवीनं बांधा, डिझेल आणि ब्रशनं इंजिन घासून काढा, पुसा, हवा मारून कोरडं करा. डिझेल पूर्ण सुकू द्या. मग संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालवून बंद करा आणि बॅटरी घेऊन वरून खाली बघत या. पावडरीवर ओली रेघ जिथून सुरू होते, ती सगळ्यात वरची जागा तुमची.

जे गळतंय ते इंजिन ऑइलच आहे ना, हेही बघा. डिझेल पातळ असतं आणि वासावरून लगेच ओळखू येतं. गिअर ऑइल दाट असतं, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. डिझेल इंजिनातलं वापरलेलं ऑइल काळंभोर असतं. गेजकाठीवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर गळतीचा विचार बाजूला ठेवा: आत डिझेल किंवा पाणी उतरतंय, आणि तशी गाडी चालवली तर बेअरिंग जातील. २०१९ च्या पुरात सांगलीत कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. अशा पाण्यातून निघालेल्या इंजिनाला ऑइल काढून बघण्याआधी स्टार्टर मारू नये. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे.

ब्रीदर न बघता सील बदलणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि बहुतेक जण हीच करतात.

कितीही चांगलं इंजिन असलं तरी पिस्टन रिंगांच्या कडेनं थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोच. तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदर असतो, मॉडेलप्रमाणे टॅपेट कव्हरवर किंवा ब्लॉकच्या बाजूला. आत तारेची जाळी असते. वर्षानुवर्षं काजळी, ऑइलची वाफ आणि उसाच्या हंगामातली रस्त्याची धूळ बसून ती जाळी डांबरासारखी होते. गॅसला वाट राहिली नाही की आतला दाब वाढतो आणि प्रत्येक सील, प्रत्येक पॅकिंग ऑइल सोडायला लागतं. पुढचं सील बदललं की मागचं गळतं, मागचं बदललं की टॅपेट कव्हर गळतं. एकाच वेळी तीन-चार जागी गळती दिसली तर मी आता दुसरीकडं बघतच नाही, थेट ब्रीदर काढतो.

आमच्या गाडीत तर जाळीच्याही पुढं गोष्ट होती. ब्रीदरच्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. उभ्या गाडीच्या कुठल्याही उघड्या नळीत ती घर करते. वाळलेली माती नळीत विटेसारखी बसली होती. तार घालून ती काढली, जाळी रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून धुतली, आणि निम्मी गळती त्याच दिवशी थांबली. आता नळीच्या तोंडावर बारीक छिद्रांची जाळी बांधली आहे. तिथं कापडाचा बोळा कोंबू नका, मग पुन्हा तेच.

ब्रीदर साफ असूनही दाब असेल तर रिंगा किंवा लाइनर (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) झिजलेत. इंजिन गरम करून स्लोवर ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण उघडा. हलकी वाफ दिसली तर चालेल. पण भक-भक करत धूर येत असेल, ऑइलचे तुषार हातावर बसत असतील किंवा गेजकाठी आपणहून वर सरकत असेल, तर मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. अशा इंजिनाला नवीन सील लावणं म्हणजे पैसे वाया.

बोल्ट आवळत राहणं

टॅपेट कव्हर आणि चेंबर पत्र्याचे, पॅकिंग कॉर्कचं. गळतंय म्हणून आणखी अर्धा आटा, मग आणखी अर्धा, असं केलं की कॉर्क चिरडून बाहेर येतो आणि पत्रा बोल्टपाशी खचतो. मग दोन बोल्टांच्या मधे फट राहते आणि जितकं आवळाल तितकं जास्त गळतं. कव्हर काढा, कडेवर सरळ पट्टी धरून उजेडासमोर बघा. खचलेली भोकं ऐरणीवर उलटी ठेवून गोल तोंडाच्या हातोडीनं हलक्या हातानं सपाट करा. मग नवीन कॉर्क बसवून बोल्ट मधून कडेला, दोन-तीन फेऱ्यांत, सारखे आवळा. कॉर्क जेमतेम दबला पाहिजे. पॅकिंग बरीच वर्षं दुकानात पडून वाळलेलं असेल तर वाकवताच तडकतं, ते घेऊच नका.

सिलिकॉन पेस्टचंही तसंच. बाहेर जेवढी पेस्ट दबून दिसते तेवढीच आतही आलेली असते. तिचे तुकडे सुटून चेंबरमधल्या जाळीवर बसतात आणि ऑइल पंपाला ऑइल ओढता येत नाही. गळती थांबते, पण इंजिन कोरडं पडतं. पेस्ट हवीच असेल तिथं, म्हणजे पॅकिंगच्या कोपऱ्यात आणि जोडावर, बारीक रेघ पुरे. तेलकट पृष्ठभागावर ती धरतही नाही.

ड्रेन बुचाचा तांब्याचा वॉशर एकदा दबला की कडक होतो. लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवला की पुन्हा मऊ होतो. फिल्टर बदलताना जुनी रबर रिंग खाचेतच चिकटलेली राहते आणि तिच्यावर नवीन बसते. अशा दोन रिंगांचा फिल्टर रस्त्यात सगळं ऑइल सोडू शकतो. बोटानं खाच चाचपून बघा.

मागचं सील, आणि ते भोक

मागचं सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते काम मोठं. त्याआधी वरचं सगळं तपासून झालेलं असावं. ज्या जुन्या इंजिनात मागं दोरीचं सील असतं, तिथं दोरी कोरडी बसवू नका. इंजिन ऑइलमध्ये चांगली भिजू द्या, गोल दांड्यानं खाचेत दाबत बसवा, टोकं धारदार पात्यानं कापा. मेन बेअरिंग झिजून क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, खाली बसला असेल तर कुठलीच दोरी टिकत नाही, म्हणून आधी बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, मोजा. पुढच्या पुलीचंही असंच आहे. सीलच्या ओठानं तिथं खाच पाडलेली असते. नखाला ती लागली तर पुलीवर स्लीव्ह (पातळ नळकांडं) चढवा किंवा सील दोन-तीन मिलिमीटर पुढं-मागं बसवा. स्प्रिंगची बाजू ऑइलकडं.

जुन्या दोरीत आणि जुन्या क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्याची धूळ श्वासात जाणं घातक, म्हणून तिथं हवा मारू नका, ओलं करून पुसा.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे क्लचवर जे कवच असतं, त्या बेल हाउसिंगच्या तळाला एक भोक असतं, कधी त्यात स्प्लिट पिन हलत असते. तिथून ऑइल येतं म्हणून बोल्ट किंवा एम-सील लावून ते बंद केलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. ते भोक आत आलेलं ऑइल बाहेर काढण्यासाठीच ठेवलेलं आहे. ते बुजवलं की ऑइल आत साठतं, फ्लायव्हील ते उडवतं आणि क्लच प्लेट भिजते. मग भरलेली गाडी घाटात क्लच सोडते. ती पिन हलती असते म्हणूनच भोक मोकळं राहतं, तिला तशीच राहू द्या.

गळतीवर उपाय म्हणून ऑइल काठीच्या वरच्या खुणेपलीकडं भरू नका. क्रँक त्याला घुसळून फेस करतो आणि गळती वाढते. बरीच वर्षं उभी असलेली गाडी सुरू केल्यावर सगळी सील एकदम बदलायची घाईही नको. सुकलेली सील काही शे किलोमीटरांत थोडी सावरतात, तोवर पातळी रोज बघा.

साठीतल्या इंजिनाला थोडा घाम यायचाच. कडेला ओल दिसते पण थेंब पडत नाही, तो घाम. त्याच्यासाठी मी इंजिन उघडत नाही. एक्झॉस्टच्या गरम नळीवर पडणारा थेंब मात्र एकही चालवून घेत नाही, तिथं आग लागू शकते. गाडी वाड्यात लावली की खाली पुठ्ठा सरकवतो, त्यावर तारीख आणि पुढचं चाक कुठं होतं ते लिहितो. गेल्या खंडेनवमीच्या पुठ्ठ्यावर दोन डाग आहेत, दोन्ही गिअरबॉक्सच्या खाली. येत्या सुट्टीत काम तिथं आहे.